हुक खाली येताना

डॉक्टरीणबाईंनी पट्टा परत फुगवला. पहिल्यांदा फुगवून झाल्यावर त्या आकड्याकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या, आपल्याच दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप दिसल्यावर माणूस थबकतो तशा, आणि मग म्हणाल्या की पायावर पाय टाकू नका आणि बोलू नका. मी पायावर पाय टाकलेला नव्हता आणि बोलतही नव्हतो, पण आरोप झालाच आहे म्हणून मी पाय आणखी सरळ केले आणि तोंड आणखी मिटलं. पट्टा दंडाला आवळत गेला, सुटत गेला. आकडा पहिल्यापेक्षा वाढला होता. आज्ञाधारकपणाचा असाही परिणाम होतो. त्यांनी विचारलं, डोकं दुखतं का, घरी कशाचा ताण आहे का. मी म्हटलं, छे, मी अगदी शांत माणूस आहे, कुणालाही विचारा. त्या म्हणाल्या, तुमच्या रक्तवाहिन्यांना आत्ताच विचारलं ना, दोनदा.

मी टॉवर क्रेन चालवतो. उंच इमारत बांधताना शेजारी एक पिवळा लोखंडी सांगाडा उभा असतो, त्याच्या मानेपाशी काचेचं खोपटं असतं, त्यात बसून दोन दांड्यांनी हुक हलवून सळया, पत्रे, काँक्रीटची बादली उचलायची आणि लोकांच्या डोक्यावरून नेऊन कुणाच्याही डोक्यात न घालता ठेवायची, एवढंच काम. कंपनीने नवीन नियम काढला होता, की वर बसणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होणार आणि ज्याचा रक्तदाब मर्यादेबाहेर तो खाली. खाली म्हणजे कुठे, ते नियमात नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या दाबावर मी तुम्हाला वर पाठवू शकत नाही. त्यावर मी जे बोललो ते मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. मी म्हटलं, मॅडम, हा खालचा दाब आहे. त्या म्हणाल्या, वरचा आणि खालचा दोन्ही जास्त आहेत. मी म्हटलं, तसं नव्हे, मी जमिनीवर असलो की तो चढतो आणि मी वर चढलो की तो उतरतो, आमचं असं उलटं आहे, तेव्हा माझी परीक्षा वर घ्या. त्यांनी कपाटातून एक यंत्र काढलं. चोवीस तास कमरेला लावायचं, त्याची नळी दंडावरच्या पट्ट्याला, दर अर्ध्या तासाने आपोआप फुगणार आणि मोजणार. हा एकच दिवस वर जायचं, हलकी कामं करायची, बदलीचा माणूस खाली तयार ठेवायचा, जरा गरगरलं तर उतरायचं, आणि उद्या सकाळी काय तो निर्णय. म्हणजे यंत्र मी मागून घेतलं. माझ्यासाठीचा खड्डा जरा ऐसपैस खणा, अशी सूचना करणाऱ्यातला प्रकार.

पण माझी खरंच खात्री होती. सकाळी शिडी चढताना प्रत्येक टप्प्यावर माझ्या अंगावरून एकेक माणूस गळून पडतो. पहिल्या टप्प्यावर साहेब, दुसऱ्यावर शेजारी, मग नळवाला, मग बायकोचे वडील. त्यांना गळायला दोन टप्पे लागतात. बायको शेवटी. तिच्यावर राग असतो असं नाही, पण ती विचारते, काय झालं, आणि मी म्हणतो, काही नाही, आणि ती म्हणते, नक्की? त्या नक्कीला उत्तर देण्यात माझी जेवढी ताकद जाते तेवढ्यात चार मजल्यांच्या सळया उचलून होतात. वर नक्की कुणी विचारत नाही. काचेतून शहर दिसतं, ते कुणीतरी टेबलावर आवरायचं ठेवून गेल्यासारखं. दुपारचं जेवण दोरीला बांधलेल्या बादलीतून वर येतं. दिवसभर उतरायची सोय नसते म्हणून कोपऱ्यात एक बाटली असते, तिच्याबद्दल बोलायची पद्धत नाही. आवाज फक्त एक, वॉकीटॉकीतला, मामांचा. मामा म्हणजे खाली उभे राहून मला इशारे देणारे. सगळ्या साइटचे मामा, सख्खे कुणाचेच नाहीत. मला खालचं नीट दिसत नाही. मामा म्हणतील तिथे जमीन असते.

दंडावर पट्टा, कमरेला डबी, अंगात ढगळ शर्ट अशा थाटात मी साइटवर गेलो तेव्हा मामांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, की लेका, बाँब कुठे लावायचा म्हणतोयस. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझा आणि दाब? तुझ्याएवढा गार माणूस मी बघितला नाही. बाकीच्यांचा हुक खाली येताना पाळण्यासारखा झुलतो, तुझा खिळा ठोकल्यासारखा येतो. हे ऐकून मला बरं वाटलं. दवाखान्यातला पोरगेला मदतनीस पट्टा बांधताना म्हणाला होता, की फुगेल तेव्हा हात सैल सोडायचा, आणि पडद्यावरच्या आकड्याकडे बघायचं नाही, लोक बघतात आणि घाबरतात. मी म्हटलं होतं, मी नाही घाबरत. सबंध दिवसात मी बोललेलं हे एकच वाक्य असेल की ज्याची चाचणी लगेच झाली.

वर पोचलो. दार लावलं. एकेक जण ठरल्याप्रमाणे गळून पडला होता. काचेवर धुळीचा पातळ थर होता आणि त्यातून ऊन आत येऊन माझ्या गुडघ्यांवर बसलं होतं. मला शांत वाटत होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे आणि ती गोष्टच आता मला नीट धरता येत नाही. मी स्वतःला विचारलं होतं, कसं वाटतंय, आणि आतून उत्तर आलं होतं, शांत. मग मामांनी पत्र्यांची चळत हुकाला लावली, मी उचलली, वळवली, दहाव्या मजल्याच्या कडेवर आणली, आणि मामा म्हणाले, सोड, हळू, आणखी हळू. तेवढ्यात पट्टा फुगायला लागला. हात सैल सोडायचा होता, पण त्याच हातात दांडी होती आणि दांडीला पत्रे होते आणि पत्र्यांखाली तीन माणसं माना वर करून उभी होती. मी दांडी मधोमध आणून थांबलो. मामा म्हणाले, थांबलास का? मी म्हटलं, मोजतोय. ते म्हणाले, काय? पत्रे हवेत स्थिर होते, खिळा ठोकल्यासारखे. सगळी साइट माझ्या दंडातली हवा जायची वाट बघत होती. ती गेली, डबीने बारीक आवाज केला, आणि मी बघितलं. एकशेअठ्ठ्याहत्तर. दवाखान्यात होता त्यापेक्षा कितीतरी जास्त.

पहिल्यांदा मला यंत्राची दया आली. बिचारं उंचीला बिथरलं असेल. पत्रे ठेवले, हुक रिकामा केला, आणि पुढच्या फेरीच्या वेळी मी हात मांडीवर ठेवला, पाठ टेकवली, लांबच्या टाकीकडे बघत बसलो. इतकं शांत वाटलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पट्टा आवळला, सुटला. एकशेब्याऐंशी. आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, अगदी क्षुल्लक, चपलेत खडा असल्याचं घरी पोचल्यावर कळतं तशी. मी श्वास घेत नव्हतो. म्हणजे घेत होतो, माणूस मरेल इतका बंद नव्हता, पण वरच्यावर, चोरून, शेजाऱ्याच्या खिडकीतून वास घ्यावा तसा. जबडा घट्ट होता. जीभ टाळूला चिकटलेली. पायाची बोटं बुटात मुठीसारखी वळलेली. आणि हे सगळं मी आत्ता सुरू केलेलं नव्हतं. ही सगळी मंडळी कित्येक वर्षं रोज माझ्याबरोबर शिडी चढून येत असणार, आपापल्या जागी बसत असणार, आणि हुक हलू नये म्हणून मला आतून धरून ठेवत असणार. त्या धरून ठेवण्याला मी शांत म्हणत होतो.

माझे बाबा शांत होते. वीज कंपनीच्या तक्रारखिडकीत ते बसायचे. लोक खिडकीशी येऊन ओरडायचे, बिल चुकलंय, दिवे गेलेत, तुम्ही झोपा काढता का, आणि बाबा म्हणायचे, बघतो. एवढंच. मी लहानपणी एकदा डबा द्यायला गेलो होतो तेव्हा एक माणूस खिडकीतून हात आत घालून त्यांच्या टेबलावर मुठी आपटत होता आणि बाबा एकेक टाचणी उचलून वाटीत ठेवत होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला होता. घरी ते आले की आई रेडिओ बारीक करायची. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, तरी करायची. ते जेवायचे, पेपर घ्यायचे, आणि त्यांच्या कपाळावरची एक शीर दिवा लागल्यासारखी उठून दिसायची. मला वाटायचं ती हुशारीची शीर आहे. एका सकाळी दात घासता घासता ते बेसिनपाशी खाली बसले आणि नळ चालूच राहिला. तेव्हाही त्यांनी काही पाडलं नाही, काही आवाज केला नाही. लोक भेटायला आले आणि म्हणाले, किती शांतपणे गेले. आई म्हणाली, यांना कशाचा त्रासच नव्हता कधी. मी कोपऱ्यात उभा होतो आणि ठरवत होतो की आपणही असंच व्हायचं. मुलं विमान चालवायचं ठरवतात, मी हे ठरवलं. आता काचेच्या खोपट्यात बसून मी कपाळाला बोट लावून बघितलं. शीर हाताला लागली. वॉकीटॉकीत मामा म्हणाले, लेका, झोपलास का? मी म्हटलं, नाही, बघतो. ते शब्द माझ्या तोंडून आले आणि कानाला दुसऱ्याच कुणाचे लागले.

मी संध्याकाळी उतरलो. मधे लवकर उतरायला हवं होतं, गरगरत नव्हतं एवढंच कारण मी स्वतःला देत होतो. वर किती होता ते मामांना सांगितलं नाही. ते म्हणाले, काय म्हणतंय यंत्र? मी म्हटलं, ठीक म्हणतंय. यंत्राने तेवढ्यात माझा दंड आवळला.

घरी पोचलो तर बेल वाजली नाही. बायकोने दार उघडलं, अगदी हळू, आणि ओठांवर बोट ठेवलं. आत घर असं शांत होतं की आत कुणीतरी गेलंय असं वाटावं. झालं होतं असं, की मी दुपारी तिला फोनवर चोवीस तासांचं सांगितलं होतं, आणि ती आणि तिचे वडील यांनी मिळून ठरवलं होतं की चोवीस तास मला कशाचाही त्रास होऊ द्यायचा नाही. तिचे वडील, अण्णा, आमच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून आले त्याला दीड वर्ष झालं. त्यांना वस्तू दुरुस्त करायचा नाद आहे. ते कुठलीही वस्तू खोलतात, आणि परत जोडल्यावर एक तरी स्क्रू उरतो, तो ते बरणीत टाकतात. बरणी अर्धी भरली आहे. घरातली प्रत्येक वस्तू एका स्क्रूने कमी आहे आणि तरी उभी आहे, याचा ते पुरावा म्हणून उल्लेख करतात. मी नेहमी म्हणतो, असू दे. आज त्यांनी बेल काढली होती, खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या होत्या, घड्याळ उशीखाली घातलं होतं. ते स्वतः, ज्यांना कमी ऐकू येतं आणि म्हणून जे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात, ते कागदावर लिहून माझ्यापुढे धरत होते. कागदावर होतं, चहा? मी मान हलवली. बायकोने चहा आणून ठेवला, बशीचा आवाज होऊ नये म्हणून बशीशिवाय. मग दोघं समोर बसले आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात काही नव्हतं, नुसते दात होते. पट्टा फुगला. दोघांचे श्वास थांबले. मी आकड्यावर तळवा ठेवला. सुटल्यावर चोरून बघितलं, एकशेसहासष्ट. बायकोने भुवयांनी विचारलं. मी अंगठा वर केला.

मग तिला पाणी हवं होतं म्हणून तिने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. आतून दिवा लागला नाही. ती कुजबुजली, अण्णा. अण्णांना ऐकू गेलं नाही. ती पुन्हा कुजबुजली. त्यांनी वळून बघितलं, आणि कागद शोधायला लागले, आणि लिहून दाखवलं, की फ्रिज घुर्र करत होता, आता करत नाही. ती कुजबुजली, तो बंद पडलाय. त्यांनी लिहिलं, शांत झालाय. दोघांचं भांडण असं चाललं होतं, अर्धं कुजबुजत, अर्धं कागदावर, दोघांच्या माना लाल, आणि मधून मधून दोघंही माझ्याकडे वळून हसत. मी म्हटलं, असू दे.

बायकोने फ्रिजचं दार सोडलं. "असू दे म्हणू नकोस," ती म्हणाली, आणि हे मोठ्याने म्हणाली. अण्णांनी सुद्धा ऐकलं.

मी म्हटलं, अगं, खरंच असू दे. ती म्हणाली, तुला काही वाटत कसं नाही रे कधी, बेल गेली असू दे, फ्रिज गेला असू दे, तुझी नोकरी जाईल उद्या, तेही असू देच का, तू वरून कुठून तरी बोलतोस, आम्ही खाली मुंग्या. आणि माझं तोंड उघडलं. त्यातून काय येणार हे मला माहीत नव्हतं. आलं ते असं, की मला फ्रिज हवा होता, चालू हवा होता, घुर्र करत हवा होता, मला तो आवाज आवडायचा, आणि ती बरणी मला खिडकीतून फेकायची आहे, दीड वर्ष फेकायची आहे. मी उभा होतो. चिंध्या बांधलेली खुर्ची मागे पडली होती, आवाज न करता. अण्णा तोंड उघडं टाकून बघत होते. मी ओरडत होतो आणि ओरडणं थांबत नव्हतं, आणि शेवटी जे निघालं ते फ्रिजबद्दल नव्हतं.

"वर जास्त होता," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं. वरच जास्त आहे. मला भीती वाटते तिथे. रोज वाटते. मला माहीतच नव्हतं."

हे म्हणताना माझा आवाज फाटला, आणि मी फ्रिजला टेकून खालीच बसलो. बाबा बसले होते तसाच बसलो असेन, कारण बायको एकदम माझ्या शेजारी होती आणि तिने माझं डोकं घट्ट धरलं होतं, फार घट्ट, मान दुखेल असं. नक्की? असं ती म्हणाली नाही. अण्णांनी बरणी आणली, जमिनीवर ओतली, आणि माझ्याशेजारी मांडी घालून फ्रिजचा स्क्रू कुठला असावा ते हुडकायला लागले, त्यांच्या नेहमीच्या गल्लीभर आवाजात, की हा मिक्सरचा, हा पंख्याचा, हा कुठला कोण जाणे, जावईबापू, तुम्ही जरा सरका, तुमच्याखाली एक आहे. मी सरकलो. बायको मला शिव्या घालत रडत होती, मधे वडिलांना घालत होती. तिला नाक पुसायला काही सापडेना म्हणून तिने माझा ढगळ शर्ट वापरला. मला फार थकल्यासारखं, पोकळ, आजारी वाटत होतं. बाहेर अंधारून आलं होतं आणि दिवा लावायला कुणी उठलं नव्हतं. अशा सगळ्या गोंधळात पट्टा फुगला. फुगतोय याकडे माझं लक्षच नव्हतं. सुटल्यावर बायकोने डबी ओढून बघितली, आणि मला दाखवली. एकशेचोवीस. अण्णा वाकून बघून म्हणाले, की मग मी रोज एक वस्तू बिघडवत जाऊ का, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर?

सकाळी डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी यंत्रातले आकडे पडद्यावर घेतले होते, पण माझं ऐकून घेतलं. भांडण हे काही औषध नाही, त्या म्हणाल्या. ओरडताना दाब मोजला असता तर तेव्हाही चढलेलाच दिसला असता, उतरला तो नंतर. त्यांनी गोळ्या दिल्या. तीन महिने वर जायचं नाही, मग बघू. मी विचारलं, पण मला वर शांत वाटतं, ते काय होतं मग? त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला काय वाटतं त्यावर मी सध्या तरी विसंबून राहणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीही राहू नका." हे त्यांनी प्रेमाने सांगितलं असावं. मी बाहेर आलो आणि पायरीवर उभा राहिलो. मला वाईट वाटत होतं, असं मला वाटलं. मग शंका आली. मग शंकेचीही शंका आली. भूक लागली होती का, तेही सांगता येईना. चौतीस वर्षं ज्याच्याकडून सगळ्या बातम्या घेतल्या तो माणूस आतून काहीबाही सांगत होता आणि दुसरा कुणी माहीत नव्हता.

त्याच दिवशी मामांच्या हाताखाली मला खाली उभं केलं. वर बदलीचा माणूस बसला होता, माझ्या खोपट्यात. काचेमागे नुसता ठिपका. मामांनी वॉकीटॉकी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हा एक तू उतरव, बघ खालून कसं दिसतं. आणि ते दोन पावलं मागे सरले. वरून सळयांचा भारा निघाला. मी आयुष्यात हजारो भारे सोडले होते, पण एकही येताना बघितला नव्हता. तो आभाळातून काळा होत आला, मोठा होत आला, हा नवा माणूस होता म्हणून झुलत आला, आणि माझे कान तापले, तळहात ओले झाले, आणि छातीत असं धाडधाड वाजायला लागलं की ते मागच्या लोकांना ऐकू जात असेल. श्वास सुरू होता. मोठा, घाणेरडा, आवाज करणारा श्वास. हे चांगलं होतं की वाईट, ते सांगायला दंडावर काही नव्हतं. भारा डोक्यावर आला. मी मागे झालो नाही, पुढेही झालो नाही. मी बटण दाबलं.

"हळू घे," मी म्हटलं. "मला भीती वाटतेय. हळू."

मग भारा खाली यायचा थांबला, जागीच झुलत राहिला, आणि त्याच्या सावलीत आम्ही सगळे त्याचं झुलणं थांबायची वाट बघत उभे राहिलो.